डब्यातला ठेका

ताल धरणाऱ्या माणसाच्या घरी जुन्या कॅसेटी सहसा कपाटात नसतात. त्या पत्र्याच्या डब्यात असतात आणि डबा माळ्यावर किंवा पलंगाखाली. झाकण जाम झालेले असते. ते निघाले की डांबराच्या गोळीचा आणि जुन्या प्लास्टिकचा मिसळलेला वास येतो. कॅसेटच्या पाठीवरच्या कागदी पट्टीवर बॉलपेनने काहीतरी लिहिलेले असते. 'सप्ताह', 'धाकट्याचे लग्न', 'गणपती, शेवटचा दिवस'. एखादीवर नुसतेच 'आपली'. साल क्वचितच असते. ढोलकी कोणाची, हलगी कोणाची, हे तर जवळजवळ कधीच नसते. ज्याच्या घरात डबा आहे त्याला ते ठाऊकच असते, म्हणून कोणी लिहीत नाही.

असे डबे करवीर तालुक्यातल्या उचगावासारख्या गावात असणे अगदी साहजिक आहे. (बेळगावजवळही एक उचगाव आहे. हे ते नव्हे.) हे गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून आहे. एका अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ, दुसऱ्या अंगाला टेंबलाईची टेकडी, पलीकडून मिरजेकडे जाणारा 1891 सालचा लोहमार्ग. शहराला इतके चिकटलेले गाव दोन्हीकडचे होऊन जाते. इथल्या वादकाला गावच्या सप्ताहात बसावे लागते आणि शहरातल्या मिरवणुकीतही उभे राहावे लागते. गणवेशाचे कापड घ्यायला त्याला लांब जावे लागत नाही.

वादकाच्या आठवणीत त्याची पथके सालाप्रमाणे लागलेली नसतात. ती वाद्यांप्रमाणे लागलेली असतात. अमुक साली काय केले, असे विचारले तर तो थांबतो. पण हलगीच्या दिवसांत काय होते, पखवाजाच्या दिवसांत कोण गात होते, ऑक्टोपॅड आल्यावर कोण सोडून गेले, हे तो न अडखळता सांगतो. बोलता बोलता त्याची बोटे मांडीवर चालू लागतात आणि त्या काळातला ठेका शब्दांच्या आधी हातात येतो.

कोल्हापूर भागात पहिले वाद्य बहुधा हलगी. लोखंडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, उजव्या हातात आखूड टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी. काडी बारीक दाणे पाडत राहते, टिपरू त्यात जागा शोधून घाव घालते. सोबत घुमक्याचा खर्ज आणि कैताळाचा खणखणाट. एवढ्यावर अख्खे मैदान उभे राहते. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 साली खुले झाले. तिथे आणि जिल्ह्यातल्या गावोगावच्या आखाड्यांत पैलवान लंगोट बांधून आत येतो तेव्हा त्याच्या चालीवर हलगी चालते. खडाखडी चालू असताना ती दबून राहते आणि डाव लागला की कडाडते. कुस्ती न बघता, मैदानाच्या भिंतीबाहेर उभे राहून, नुसत्या हलगीवरून आत काय चालले आहे ते ओळखणारी माणसे या भागात आहेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी नाचवणाऱ्याचे पाऊलही हलगीच ठरवते. काठीचा तोल खांद्यावर असतो, लय मात्र वाजवणाऱ्याच्या मनगटात.

आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईला जाते. त्या वाजपाला कोल्हापुरात 'पी ढबाक' म्हणतात. वरची पिपाणी 'पी' म्हणते, खालचा ढोल 'ढबाक' म्हणतो, तेच नाव झाले. वाद्याला त्याच्या आवाजावरून इतके सरळ नाव देणारे गाव तालाच्या किती जवळ राहते, हे सांगायला दुसरे काही नको. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात धनगरी ढोल एकदम उठतात, तेव्हा आवाज कानांपेक्षा छातीला आधी लागतो. लहानपणी असले काही छातीवर झेललेला मुलगा पुढे वह्यांवर, डब्यांवर, बाकांवर वाजवत सुटतो. घरचे त्याला नाद लागला म्हणतात. मराठीत ध्वनी आणि वेड या दोहोंना हा एकच शब्द आहे आणि वादकाच्या बाबतीत त्याचे दोन्ही अर्थ एकदमच खरे होतात.

कातड्याच्या हलगीला जाळाची सोबत लागते. हवा ओली झाली की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग रस्त्याच्या कडेला पाचट, कागद, जे मिळेल ते पेटवून तिला शेक द्यायचा, बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेक द्यायचा. किती तापवायची याचे माप नव्हते. जास्त झाले तर कातडे फाटते, कमी पडले तर चार घावांत उतरते. आता नटबोल्टने आवळता येणारी, प्लास्टिकच्या पानाची हलगी सर्रास दिसते. ती पावसात भिजत नाही आणि जाळही मागत नाही. आवाज चढा आणि सारखा. तरीही जुन्या कॅसेटीवर दोन गाण्यांच्या मध्ये जी शांतता असते, कोणीतरी खोकते, काटक्या मोडल्याचा आवाज येतो, त्या शांततेत हलगी तापत असते. आज ती वेळच उरलेली नाही.

भजनी मंडळाचा काळ बहुतेकांच्या आठवणीत शांत असतो. मंडळात नव्या पोराला आधी टाळ मिळतो. पखवाज मिळायला जुना पखवाजी आजारी पडावा लागतो किंवा उदार असावा लागतो. डाव्या पानावर कणीक लावायची, ती किती ओली ठेवायची, कार्यक्रम संपल्यावर खरवडून कशी काढायची, हे हाताखाली राहूनच समजते. आठ मात्रांचा भजनी ठेका तासन्तास धरताना पहिली गोष्ट शिकायला मिळते ती न वाजवण्याची. गाणारा आलाप घेत असताना हात सुटू द्यायचा नाही. पुढे मोठ्या ऑर्केस्ट्रात गेलेल्या अनेकांचा हात भजनातच घडलेला असतो आणि तो ऐकू येतो.

लग्नाच्या बँडबद्दल वादक थोडक्यात बोलतात. गळ्यात साइड ड्रम, अंगात सोनेरी पट्ट्यांचा कोट, उन्हाळा, वरात, पायपीट. तिथली कमाई लक्षात राहते, गाणी फारशी राहत नाहीत.

बेंजोचे तसे नाही. बेंजो म्हटले की आवाज बदलतो. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते वाद्य मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली, म्हणजे इकडे खासबाग खुले झाले त्याच वर्षी, टाइपरायटरसारख्या कळा असलेले तारांचे 'ताइशोगोतो' बनवले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या गल्ल्यांत त्याचे नाव बेंजो पडले. तार छेडणाऱ्याच्या मागे ढोलकी, ताशा, ढोल, पुढे कीबोर्ड, असे पथक हातगाडीवर किंवा टेम्पोत उभे राहू लागले. गणपतीच्या सुपाऱ्या आषाढापासून ठरत. तालीम कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या गच्चीवर. वाद्ये कर्जाऊ, गाडी भाड्याची, आणि हौस तेवढी स्वतःची.

ऑक्टोपॅडने या पथकांची मांडणीच बदलली. रोलंड कंपनीने 1985 साली बाजारात आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडवर नावाप्रमाणे आठ पॅड होते, पण त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला फक्त घावाची खबर देई. नंतरच्या मॉडेलांत आवाज आतच आले आणि ढोलकी, ताशा, झांज, काच फुटल्याचा आवाज, सगळे एका पाटावर आले. त्याच सुमारास जुन्या हिंदी गाण्यांवर नवा ठोका चढवलेल्या 'झंकार बीट्स'च्या कॅसेटी एसटीपासून पानपट्टीपर्यंत वाजत होत्या. प्रेक्षकांना गाणे तसेच हवे असे. त्यामुळे खेड्यातला वादक टेप पुन्हा पुन्हा मागे घेऊन, तो ठोका कोणत्या हाताने पडला असेल याचा तर्क करत बसे. मुंबईच्या स्टुडिओत कवस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुर्जोर, लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ, मारुतीराव कीर, होमी मुल्लन यांनी जे वाजवले, त्याचे धडे असे गच्चीवर गिरवले गेले. गिरवणाऱ्याला यांतली बहुतेक नावे ठाऊक नव्हती, कारण कॅसेटच्या वेष्टनावर ती छापलेली नसत.

मग डॉल्बी आली. कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरांची भिंत. रे डॉल्बी यांनी 1965 साली स्थापन केलेल्या कंपनीचे नाव मुळात गाजले ते टेपची सरसर कमी करण्याच्या तंत्राने, म्हणजे शांत जागा शांत ठेवण्याच्या कामाने. ते नाव इथे सर्वांत मोठ्या आवाजाला चिकटले. या भिंतीपुढे ढोलकीचा हात चालत नाही. अनेक बेंजो पथके त्या वर्षांत मोडली आणि वाद्ये विकली गेली. पुढे डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचा आग्रह धरला गेला तेव्हा हलगी, ढोल-ताशा आणि लेझीम परत रस्त्यावर आले. जे हात टिकून होते त्यांना काम मिळाले. काही हात तोवर गवंडीकामाला, रिक्षाला, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना लागले होते.

डब्यातल्या कॅसेटी मधल्या काळातल्या आहेत, म्हणजे टेप घरोघरी पोचल्यापासून मोबाइल येईपर्यंतच्या. फिलिप्सने 1963 साली आणलेली ही कॅसेट पुढच्या दोन दशकांत खेड्यांत आली. फीत 3.81 मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला म्हणजे सुमारे 86 मीटर फीत सरकते. सप्ताहाचे एक अख्खे भजन, मधल्या गप्पांसह, एवढ्या लांबीवर बसते. कॅसेट नेहमी कोरी नसे. विकतच्या गाण्यांची कॅसेट घ्यायची, मागचे मोडलेले कान कागदाच्या बोळ्याने बुजवायचे आणि तिच्यावरच भरायचे. म्हणून आपला कार्यक्रम संपल्यावर मागून अचानक एखादे सिनेगीत मध्येच सुरू होते.

भरण्याची रीत साधी होती. टू-इन-वन टेप खुर्चीवर ठेवायचा आणि लाल बटण चालूच्या बटणाबरोबर दाबायचे. माइक एकच, तोही टेपच्या अंगातच बसवलेला. कोण किती ऐकू येणार ते फक्त बसण्याच्या जागेवर ठरे. गाणारा जवळ, पेटी त्याच्या शेजारी आणि ढोलकी लांब, कधी कधी उंबऱ्याबाहेर. वादकाला वाटे आपल्याला मुद्दाम मागे सारले. पण तालवाद्याची ही जागा ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. 1925 सालाच्या आधी, वीज नसलेल्या पद्धतीत, आवाज कर्ण्यातून थेट सुईवर जाई आणि ढोलाच्या घावाने सुई उडे. 1923 साली अमेरिकेत किंग ऑलिव्हरच्या बँडच्या तबकड्या निघाल्या तेव्हा बेबी डॉड्स या थोर ड्रमरला आपला मोठा ढोल बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. कोल्हापुरातच 1932 साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या काळच्या बोलपटांत गाणे चित्रीकरणाबरोबरच नोंदले जाई आणि साजिंदे चौकटीच्या बाहेर, दिसणार नाहीत पण ऐकू येतील अशा अंतरावर बसत. गल्लीतल्या पोरांना हे काही माहीत नव्हते. खुर्ची मागेपुढे सरकवत त्यांनी तीच युक्ती नव्याने शोधली.

टेपच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. आवाज मोठा झाला की तो आपोआप कमी करणारी आणि लहान झाला की वाढवणारी मांडणी. बोलण्यासाठी ती सोयीची, तालासाठी जाचाची. ढोलकीची थाप पडली की टेप दचकून सगळ्यांचाच आवाज खाली ओढतो, मग तो हळूहळू वर येतो, तोवर दुसरी थाप. त्यामुळे अशा कॅसेटीत गाणाऱ्याचा आवाज ठेक्याबरोबर श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो. ऐकणाऱ्याला वाटते रेकॉर्डिंग खराब आहे. वादक मात्र त्या बुडण्यातून आपली प्रत्येक थाप ओळखतो. जिथे ढोलकी नीट ऐकूच येत नाही तिथेही ती इतरांच्या आवाजावर उमटलेली असते.

वादक या कॅसेटी ऐकतो तेव्हा सर्वांत आधी आपली चूक ऐकतो. ही त्याची सवय असते. गाणारा आपल्या तानेवर खूश होतो, वादकाला लय पळाल्याचे बोचते. शेवटच्या गाण्यांत तर ती नेहमीच पळालेली वाटते आणि वर्षानुवर्षे तो स्वतःला दोष देतो. या ठिकाणी टेपची बाजूही तपासायला हवी. गावात वीज गेली की टेप सेलवर चाले. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, फीत हळू सरकते आणि नंतर पूर्ण वेगाने वाजवली की नोंदलेले सगळे जलद आणि चढ्या आवाजात येते. खरे काय ते पेटी सांगते. पेटीचा सूर बदलत नाही. मंडळ काळी एकमध्ये गात होते हे नक्की असेल आणि कॅसेटीत ते पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू आले, तर वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला आहे असे समजावे. मिनिटाला 120 मात्रांची लय तेवढ्याने 127 वर जाते. पेटी जागच्या जागी असूनही लय वाढली असेल, तरच ती वादकाने पळवली. कित्येक हातांवर वर्षानुवर्षे बसलेला हा आळ अशा साध्या पडताळ्याने उतरू शकतो. तो पडताळा कोणी घेत नाही, याचे वाईट वाटते.

चुकीनंतर तो बाकीचे ऐकतो आणि खरा वेळ त्यातच जातो. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीची शिटी. 'सम्दी बसा रं खाली' म्हणून ओरडणारी बाई. चहा आल्याची कपबश्यांची किणकिण. कोणीतरी ठेका धरायला चुकीची टाळी देतो आणि जुना पखवाजी नुसता 'हं' म्हणतो. हा 'हं' म्हणणारा माणूस आता नाही. त्याचा फोटोही नसेल, पण तो 'हं' आहे. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्यातले चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकेच उतरते, म्हणून शांत जागी कधी कधी थाप पडण्याच्या एक-दोन सेकंद आधीच तिची पुसट चाहूल लागते. वादकाला हे शास्त्र ठाऊक असो वा नसो, ती चाहूल लागली की त्याचा हात उठतो.

नाव न लिहिण्याची गोष्ट मात्र नुसत्या विसरभोळेपणाची नाही. हलगी वाजवणे हे गावगाड्यात कामात धरले जाई. ते ठरावीक जातींच्या वाट्याला आलेले होते आणि ज्यांच्याशिवाय जत्रा उभी राहत नसे त्यांना देवळाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1918 साली महार वतने बंद केली. मार्च 1920 मध्ये, इथून पूर्वेला हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि महाराज स्वतः तिथे गेले. पुढच्या काळात अनेक घरांनी हलगी खाली ठेवली ती स्वाभिमानाने, आणि ते योग्यच होते. काहींनी ती ठेवली नाही, तिच्यात आपली कला पाहिली आणि तिला मैदानात, रंगमंचावर, परदेशातही मान मिळवून दिला, तेही योग्यच होते. या दोन्ही निर्णयांमागे माणसे होती आणि त्या माणसांची नावे कॅसेटच्या पट्टीवर यायला हवी होती. गाणाऱ्याचे नाव लिहून वाजवणाऱ्याचे गाळणे ही जुनी सवय नव्या यंत्रातही तशीच उतरली.

बेबी डॉड्सच्या बाबतीत पुढे काहीतरी वेगळे घडले. 1946 साली त्याला एकट्याला माइकसमोर बसवून बोलते आणि वाजवते केले गेले. हा ढोल असा, हा ठोका इथे, याचे कारण हे, असे तो स्वतः सांगतो आणि लगेच वाजवून दाखवतो. ती तबकडी फोकवेज कंपनीने काढली. 1923 साली ज्याचा ढोल बाजूला ठेवला गेला त्याला 23 वर्षांनी पूर्ण जागा मिळाली. आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात आयुष्य काढलेल्या हलगीवाल्याला, चाळीस सप्ताह धरलेल्या पखवाज्याला असे बसवून ऐकणे अवघड नाही. माइक आता प्रत्येकाच्या खिशात आहे. 1982 साली स्थापन झालेले लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रहालय गुरुग्रामला आहे, तिथवर सगळे जाणे शक्य नाही. पण गावातल्या वाचनालयात एक डिस्क ठेवणे शक्य आहे.

फितीची मुदत मात्र संपत आली आहे. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने दिलेल्या इशाऱ्यात 2025 हे वर्ष धरले होते. त्यानंतर फीत वाजवणारी चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात मिळणे कठीण होत जाणार, असा त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर फितीवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट थेट टेपमध्ये घालू नये, ती बुरशी फीत खाते आणि हेडही खराब करते. आधी कोरड्या जागी ठेवून, हाताने पेन्सिलीवर सावकाश फिरवून, जाणकाराला दाखवावी. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. उतरवून घेताना आवाज दाबून लहान न करता पूर्ण नोंदवावा, मधल्या गप्पा कापू नयेत, सरसर काढून टाकण्याच्या मोहात थापेची धार घालवू नये. आणि पेटीचा सूर जुळवून वेग सरळ करावा, म्हणजे लय होती तशी ऐकू येईल.

ज्यांच्या घरी असा डबा आहे त्यांनी तो या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नये. वाजवणारा अजून घरात किंवा गल्लीत असेल तर त्याच्या शेजारी बसून एकेक कॅसेट लावावी आणि हलगी कोणाची, पखवाज कोणाचा, ऑक्टोपॅडवर कोण, हे त्यालाच विचारून त्याच दिवशी पट्टीवर लिहून ठेवावे.